उकळी येईपर्यंत

दवाखान्यातून कुमुदिनी नवऱ्याबरोबर रिक्षाने परतली. ट्रिप्लिकेनच्या घरापाशी उतरल्यावर तिला जिना चढवेना. खालच्या ओट्यावरच ती टेकली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आधी पाणी आणा." कृष्णकांतने आणलेला तांब्या तिने एका दमात संपवला. तरी घसा कोरडाच.

ती दोघं वर्षभरापूर्वी मिरजेहून मद्रासला आली होती. कृष्णकांत रेल्वेच्या हिशेब कचेरीत होता. घराची मालकीण सीतालक्ष्मी खाली एकटीच राहायची. पंचावन्नच्या पुढची, तंजावरकडची. तिचे पूर्वज कुठल्याशा राजाबरोबर दक्षिणेत उतरलेले, त्यामुळे तिची मराठी जुन्या पोथीतली वाटायची, आणि मध्येच तमिळचा हेल लागायचा. सुरुवातीला कुमुदिनीला त्याचं हसू यायचं. मग सवय झाली आणि परक्या गावात तेवढाच एक आधारही वाटू लागला.

"काय झालें? डाक्टर काय बोलिले?" सीतालक्ष्मीने दारातून विचारलं.

"लघवीत साखर आहे म्हणे, सीताक्का. लालभडक रंग दाखवला. रोज सुई टोचून घ्यायला सांगितलंय. जन्मभर." एवढं बोलून कुमुदिनीला रडू फुटलं.

सीताक्का हसली. "अय्यो, एवढेंच का? मजला बारा वर्षें झालीं. बघ, चालतें आहें कीं नाहीं?"

तिने कुमुदिनीला हाताला धरून मागच्या दारी, विहिरीजवळ नेलं. कोनाड्यातून एक लाकडी पेटी काढली. आत काचेची नळी, चिमटा, स्पिरिटचा छोटा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. सीताक्काचा भाऊ नारायणस्वामी एका कॉलेजच्या रसायनशाळेत होता. दिल्लीला बदली होण्यापूर्वी त्याने ही सगळी तयारी करून दिली होती, आणि दर वर्षी तो औषधाची बाटली कुणाबरोबर तरी पाठवायचा.

"निळ्या पाण्यांत लघवीचे आठ थेंब टाकावे आणि तापवावें," सीताक्का शिकवू लागली. "निळें राहिलें तर साखर नाहीं. हिरवें झालें तर थोडी. पिवळें म्हणजे सांभाळ. विटेसारखें लाल झालें तर डाक्टराकडे धांव."

कुमुदिनी भान विसरून बघत राहिली. शाळेत तिला शास्त्राची गोडी होती. पण मॅट्रिकच्या आधीच लग्न झालं आणि प्रयोगशाळेचं दार तिने बाहेरूनच पाहिलं. सीताक्काने कुमुदिनीचे थेंब घातलेली नळी ज्योतीवर धरली, हलवली, काच गरम झाली तशी बाजूला घेतली.

रंग निळाच होता.

"पण दवाखान्यात तर..."

"तेथें रांगेंत भ्यालीस. भीतीनें सुद्धां साखर वाढते," सीताक्का ठामपणे म्हणाली. "सुईची घाई करूं नको. आधीं पथ्य करून बघ."

त्या दिवशी कुमुदिनी जिना पळतच चढली. कृष्णकांत म्हणाला, "एकदा डॉक्टरांना विचारू या का?" त्यावर ती म्हणाली, "अहो, मी डोळ्यांनी पाहिलंय."

दर शुक्रवारी दुपारी विहिरीजवळ मंडळी जमायची. कनका जवळच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. दुसऱ्या बाळंतपणात तिचं हे दुखणं निघालं, तेव्हा ती नोकरी सोडायला निघाली होती. सीताक्काने तिला महिनाभर रोज शाळेच्या फाटकापर्यंत पोचवलं होतं. दुसरे वादिराजराव, तारखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना डाव्या डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. पण कुणी दुखणं सांगितलं की त्यांच्याकडे उपाय तयार असायचा.

"कारल्याचा रस," कनका सांगायची. "आमच्या अम्माने गाळून दिला. कडू विष, पण रंग बघा, निळा!"

"रस सोडा. हा बघा वेंगैच्या लाकडाचा पेला." वादिराजराव पिशवीतून लाकडी पेला काढायचे. "रात्रीं पाणी भरून ठेवावें. सकाळीं चहासारखें तांबूस होतें. तें प्यावें."

जांभळाच्या बियांची पूड होती, ताकात भिजवलेली मेथी होती. प्रत्येकाने आपला उपाय करायचा, दुपारी आपापली बाटली झाकून आणायची आणि सीताक्काने नळी तापवायची. निळा रंग दिसला की ज्याचा त्याचा उपाय खरा ठरायचा, सगळे त्याचं कौतुक करायचे, आणि सगळ्यांना आठवडाभर पुरेल एवढा धीर मिळायचा. कुमुदिनीला ते फार आवडायचं. मिरजेत दुखणं लपवायची रीत होती. इथे त्यावर हसत बोलता येत होतं.

तरी एक गोष्ट तिला सतावू लागली. मोरीत मुंग्यांची रांग लागायची, आणि ती बरोबर तिने वापर केल्यावरच. तिने मोरी घासून धुतली, तरी दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा हजर. पोलकी सैल होत चालली होती. रात्री उशाशी घागर घेऊन झोपावं लागे.

"सीताक्का, साखर नाही तर मुंग्या कशाला येतात?" तिने विचारलं.

"मद्रासेंत मुंग्या कोठें नाहींत?" सीताक्का म्हणाली, आणि पदर सावरून आत गेली. कुमुदिनीच्या लक्षात आलं की ती पाऊल जरा तिरकं टाकते आहे. "काहीं नाहीं, चप्पल लागली," असं म्हणून सीताक्काने विषय बदलला.

एका सकाळी सीताक्का नातलगांकडे मैलापूरला गेली होती. कुमुदिनीने स्वतःच पेटी काढली. औषधात आपले थेंब घालून नळी ज्योतीवर धरली तोच समोरच्या दारात भाजीवाली ओरडू लागली. "नको, आज काही नको!" असं ती मान वळवून सांगत होती, तोवर नळीत खळखळ झाली. तिने दचकून पाहिलं. निळं पाणी उसळत होतं. बघता बघता ते हिरवं झालं, मग पिवळं, मग गढूळ होऊन विटेसारखं लाल.

आधी तिला वाटलं, औषध करपलं. मग तिने नळी धुतली आणि निळ्या औषधात नुसतं विहिरीचं पाणी घालून तसंच उकळवलं. ते निळंच राहिलं. म्हणजे उकळल्याने आपोआप लाल होत नाही. ती तिथेच उकिडवी बसून विचार करू लागली. उठावंसं वाटत नव्हतं. साखर नक्की आहे असं काय घ्यावं? तिला काढ्यासाठी आणलेला मध आठवला. वरून बाटली आणून तिने थेंबभर मध पाण्यात कालवला. तो औषधात घालून सीताक्कासारखा नुसता गरम केला.

निळा!

मधात साखर नाही असं कोण म्हणेल? तिने तीच नळी पुन्हा ज्योतीवर धरली आणि उकळी येऊ दिली. लाल झाली.

तिला काय कळलं ते तिला नको होतं. बारा वर्षं सगळ्यांचे रंग निळे आले होते, कारण सीताक्का उकळी येऊच देत नव्हती.

सीताक्का परतली तेव्हा कुमुदिनी तिची वाट बघत विहिरीजवळच बसली होती. कसं सांगावं याचा विचार करून करून ती थकली होती.

"सीताक्का, ह्या नळीत मी मध घातलाय. तुमच्या रीतीने तापवा ना."

"मध? तो कशाला?" सीताक्का कुतूहलाने पुढे आली. नळी गरम झाल्यावर बाजूला धरून तिने पाहिली. मग पुन्हा पाहिली. "निळें कसें?"

"आता खाली उतरवू नका. राहू द्या."

पाणी उसळू लागलं तशी सीताक्का नळी ज्योतीवरून ओढू लागली. कुमुदिनीने चिमटा आपल्या हातात घेतला. नळी लाल झाली.

सीताक्काने मनगट पुढे केलं. त्यावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग होता. "पहिल्याच महिन्यांत नळी फुटली होती. ऊत येऊन अंगावर आली. नारायणा बोलिला होता, उकळी येऊं दे म्हणून. मजला भय वाटलें. गरम झालें तरी पुरे, असें वाटलें." तिने मनगट पदराखाली घेतलं. "तर मीं बारा वर्षें काय केलें? कनकेला काय सांगितलें? तुजला काय सांगितलें?"

"तुम्ही धीर दिलात, सीताक्का. मी त्या दिवशी जिनाही चढू शकत नव्हते."

"सुई तर मींच सोडविली ना तुझी!" सीताक्का एकदम ओरडली. मग उठून आत गेली. कुमुदिनीला वाटलं, आता दार लावून घेणार. पण ती आपली बाटली घेऊन आली. "माझें बघ. आत्तांच."

तिचा रंग कुमुदिनीपेक्षाही गडद आला. तळाशी जाड गाळ साचला.

सीताक्का पायरीवर बसली आणि लुगड्याचा काठ वर करून उजवं पाऊल दाखवलं. करंगळीखाली हळद लावलेली चिंधी होती. कुमुदिनीने चिंधी सोडली. जखम काळी पडली होती.

"दुखत नाहीं गे," सीताक्का म्हणाली. "म्हणून काहीं नाहीं असें वाटलें."

दुसऱ्या सकाळी कृष्णकांतने कचेरीत निरोप धाडला आणि तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाऊल पाहून लगेच दाखल करून घेतलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं, पाय वाचला. कुमुदिनीलाही ते रागावले. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं, मग वर बघून विचारलं, "सुई नेमकी कुठे टोचायची, डॉक्टर? आणि ते औषध आत जाऊन काय करतं?" डॉक्टर कागदावर पोटाचं चित्र काढू लागले.

नर्सने तिला वांग्यावर सराव करायला लावला. स्वतःला पहिली सुई तिने सीताक्काच्या खाटेशी बसून घेतली. हात पुढे जाईना.

"दोन वेळां घेतें आहें मीं," सीताक्का उशीवरून म्हणाली. "मुंगी चावते तितकेंच. श्वास सोड आणि टोच. हां... सरी, ठीक. झालें बघ."

घरी आल्यावर सुईच्या औषधाची बाटली गार राहावी म्हणून कुमुदिनीने ती पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवली. महिन्याभरात उशाशी घागर लागेनाशी झाली. मोरीतल्या मुंग्याही गेल्या.

कनकाला तिने शाळेत जाऊन सगळं सांगितलं. कनका रडली, पण दुसऱ्याच दिवशी रजा टाकून दवाखान्यात गेली. वादिराजराव मात्र बिथरले. "कालची आलेली बाई आम्हांला शिकविते!" असं म्हणून त्यांनी येणंच बंद केलं. सीताक्का घरी परतल्यावर काठी टेकत स्वतः त्यांच्या दारी गेली. दोघांत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते लाकडी पेला घेऊन हजर झाले.

"उकळव," ते कुमुदिनीला म्हणाले. "खरें काय तें बघूं दे."

लाल आला. वादिराजरावांनी नळी चांगल्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. "मग आतां?" ते हळूच म्हणाले.

"आता तुम्ही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे यायचं," कुमुदिनी म्हणाली. "पेला सोडू नका हवं तर. पण सुई घेऊन मग पेला बघू या."

त्या दिवसापासून दुपारच्या बैठकीला वेगळाच रंग चढला. सगळ्यांना सगळं तपासून बघायचं होतं. कारल्याने कनकाच्या नळीत किंचित फरक पडल्यासारखा वाटला, सीताक्काच्या नळीत मुळीच नाही. भात अर्धा केला तेव्हा चौघांचेही रंग उतरले, आणि वादिराजराव चिडून म्हणाले, "हें एक सोडून दुसरें काहीं निघूं दे!" आता लाल रंग आला तरी कुणी घाबरून गप्प बसत नसे. काल काय खाल्लं, किती चाललो, झोप लागली का, याची चर्चा रंगायची. ज्वाला मात्र कुमुदिनीच सांभाळायची. सीताक्का हातभर लांब बसून विचारत राहायची, "आली का उकळी?"

जखम भरल्यावर डॉक्टरांनी सीताक्काला रोज थोडं चालायला सांगितलं. कॅनव्हासचे बूट घालायला ती आधी लाजली, मग दोन्ही पायांत घालून कुमुदिनीचा हात धरून समुद्राकडे निघाली. वाळूच्या कडेला एक बाई टोपलीत सुंडल घेऊन बसली होती. उकडलेले हरभरे, त्यावर खोबरं आणि कैरीचे तुकडे. सीताक्का थांबली.

"कुमुद, सुंडलाचा रंग कोणता येईल गे?"

"माहीत नाही."

"मजलाही नाहीं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कुमुदिनीने एकच पुडी घेतली, सीताक्काच्या तळहातावर अर्धे हरभरे ओतले, आणि दोघी खात खात चालू लागल्या.