झाडावरची फुली

विमानतळावरून येताना सुमंतनं गाडी नेहमीच्या वळणावर वळवली नाही, तेव्हा शोभनाताईंना वाटलं, पुढे रस्त्याचं काम चालू असेल. अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात उन्हाळा आला की निम्मे रस्ते उखडलेले असतात, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या सीटवर त्यांची हातातली पिशवी होती आणि तिच्यात सगळ्यात वर मेतकुटाचा डबा. नैनाला गरम भातावर मेतकूट आणि तूप लागायचं. तीन वर्षांनी आजी येतेय म्हटल्यावर पोरगी दारातच उभी असेल, या विचारात त्या होत्या. गाडी एका दुमजली, विटकरी रंगाच्या इमारतीपुढे थांबली तेव्हाही त्यांनी विचारलं ते एवढंच, की इथे कोणाला घ्यायचंय का.

सुमंतनं इंजिन बंद केलं, पण तो खाली उतरला नाही. स्टीअरिंगवर हात तसेच ठेवून समोर बघत त्यानं सांगितलं. तो आणि राधिका वेगळे झाले त्याला आता बराच काळ लोटला होता. घर विकलं होतं. राधिकाला दूर दक्षिणेत, अल्फारेटाला नोकरी मिळाली, तिचे आईवडीलही तिथे जवळच राहत होते, त्यामुळे नैना तिच्याबरोबर गेली. सुट्ट्यांमध्ये ती इथे येते. हे सगळं त्यानं एखाद्या मीटिंगमध्ये सांगावं तसं ओळीनं सांगितलं आणि मग म्हणाला, "तुला तिथे एकटीला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही, आई. मंजुमावशीचं आधीच एवढं चाललं होतं."

दर रविवारच्या फोनमध्ये ती तिघं शोभनाताईंना सोफ्यावर शेजारी शेजारी बसलेली दिसायची. राधिका विचारायची, आई, गुडघा कसा आहे. मग घर विकलं गेलं आणि सोफा दिसेनासा झाला. राधिकाचं नवं काम आहे, ती आता विकेंडलाही बिझी असते, नैना मैत्रिणीकडे गेलीय, असं सुमंत सांगायचा. त्या मान डोलवायच्या. आईवडिलांपासून वाईट बातमी लपवायची आणि त्याला प्रेम म्हणायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. नवऱ्याचा, मोरेश्वरांचा आजार त्यांनी स्वतः सासूबाईंपासून असाच लपवला होता. त्यामुळे रागवायला त्यांना तोंडच नव्हतं.

तोवर त्या सुमंतकडेच राहायच्या; पुण्याला गेल्या होत्या ते दोन महिन्यांसाठी. धाकट्या बहिणीला, मंजुषाला, अर्धांगवायूचा झटका आला. तिला मूलबाळ नाही, नवरा केव्हाच गेलेला. दोन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष झालं आणि वर्ष उलटून गेल्यावर कोणीतरी सांगितलं, की इतके दिवस बाहेर राहिलं की ग्रीन कार्डावर पाणी सोडावं लागतं. जाण्याआधी एक परवानगी काढायची असते म्हणे. ती कोणाच्या डोक्यातच आली नव्हती. मग मंजुषा गेली आणि त्यानंतर पाहुणी म्हणून यायचा व्हिसा मिळवायला पुन्हा वाट बघणं आलं. सुरुवातीला दर रविवारी नैना विचारायची, आजी, कधी येणार? आणि शोभनाताई म्हणायच्या, पुढच्या महिन्यात.

सुमंतच्या त्या अपार्टमेंटमध्ये सगळं होतं आणि काहीच नव्हतं. फ्रिजचं दार कोरं होतं. शोभनाताईंची नजर पहिल्यांदा तिथेच गेली, कारण जुन्या घरातल्या फ्रिजचं दार त्यांच्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं होतं. नैना पाचवीत होती, त्या जाण्याच्या आधीचा तो हिवाळा. शाळेत अमेरिकेच्या वसाहतींचा इतिहास चालू होता आणि बाईंनी शब्द पाठ करायला दिले होते. नैनानं एकेका कार्डावर एकेक शब्द लिहून ती मॅग्नेटनं फ्रिजवर लावली होती. शोभनाताई पोळ्या लाटायच्या, नैना ओट्यावर बसून परीक्षा घ्यायची. परीक्षा नैनाची होती, पण उत्तरं आजीनं द्यायची, असा त्यांचा नियम.

"इंडेंचर्ड सर्व्हंट," नैना विचारायची.

ज्याच्या बोटीचं भाडं दुसऱ्यानं भरलंय आणि जो ठरलेली वर्षं त्याच्याकडे राबतो, मध्ये सोडून जाऊ शकत नाही, तो. "म्हणजे तुझा बाबा," शोभनाताई म्हणाल्या होत्या.

सोफ्यावरून सुमंत हसला होता. म्हणाला, मला पगार होता गं, आई. त्यावर त्यांनी विचारलं, पगार होता रे, पण ग्रीन कार्ड येईपर्यंत ती कंपनी सोडता आली का तुला? राधिका तेव्हा इतकी हसली होती, की तिच्या हातातला चहा सांडला. ते हसणं आत्ता आठवलं आणि शोभनाताईंना वाटलं, एवढं हसणारी दोन माणसं. कधी बिनसलं असेल?

तीन टोकांच्या व्यापाराचं एक कार्ड होतं. आफ्रिकेतून माणसं भरून आणायची, इथे विकायची, त्यांनी पिकवलेला माल तिकडे इंग्लंडला पाठवायचा. ते वाचलं की शोभनाताईंना पोळी लाटवेना. एकदा त्यांनी ते कार्ड उलटं करून ठेवलं. नैनानं ते पुन्हा सुलटं केलं. "आजी, आपल्याला आवडत नाही म्हणून फ्लिप नाही करायचं. ते पण झालंय." दुसऱ्या एका कार्डावर होतं, सॅल्युटरी निग्लेक्ट. राजा लांब समुद्रापार, त्याचं फारसं लक्ष नाही आणि त्यामुळे वसाहतींचं चांगलंच झालं, असा त्याचा अर्थ नैनानं सांगितला. शोभनाताईंना तो पटला नाही. लक्ष न देण्यानं कोणाचं भलं झालंय, असं त्या म्हणाल्या. नैनानं बजावलं, टेस्टमध्ये असं लिहिलंस तर झीरो मिळेल हं तुला.

पण दोघींचं खरं आवडतं कार्ड रोअनोकचं.

इंग्रजांची पहिली वसाहत, एका बेटावरची. तिचा गव्हर्नर जॉन व्हाईट. त्याची लेक तिथेच बाळंत झाली. त्या मातीत जन्मलेलं पहिलं इंग्रज मूल, मुलगी, गव्हर्नरची नात. नात काही दिवसांची असताना आजोबा बोटीत बसून सामानसुमान आणायला मायदेशी गेला, लवकर येतो म्हणून. तिकडे लढाई लागली, बोटी अडकल्या. परत यायला त्याला तीन वर्षं लागली. आला तेव्हा घरं मोडलेली, माणूस नाही. निघताना त्यांचं ठरलं होतं, की गाव सोडावं लागलं तर कुठे गेलो त्याचं नाव झाडावर कोरायचं आणि संकटात असलो तर वर एक फुली कोरायची. एका खांबावर नाव सापडलं, क्रोएटोअन. जवळच्या बेटाचं आणि तिथल्या मूळच्या लोकांचं. फुली नव्हती. आजोबा त्या बेटाकडे निघाला, पण वादळानं त्याला पोचू दिलं नाही. नात त्याला पुन्हा दिसली नाही.

"मग काय झालं असेल गं तिचं?" शोभनाताईंनी विचारलं होतं.

"आय थिंक, त्या क्रोएटोअन लोकांनी घरी नेलं असेल. जेवायला दिलं असेल."

शोभनाताईंनाही तसंच वाटत होतं. कोणीतरी लेकराला जेवायला घातलं असणार.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी नैनानं त्यांना हाताला धरून अंगणातल्या मेपलपाशी नेलं होतं. आपलं पण तसंच, आजी. आम्ही गेलो तर नाव. ट्रबल असेल तर फुली. शोभनाताईंनी पोरखेळ म्हणून हो म्हटलं, पण नैनानं हात पुढे करून रीतसर वचन घेतलं होतं.

हे सारं शोभनाताईंना त्या कोऱ्या फ्रिजपुढे आठवलं. त्या सुमंतला म्हणाल्या, मला जुन्या घरी ने. तो म्हणाला, आई, तिथे आता दुसरे लोक राहतात, तू आधी जेव, आराम कर. त्यांनी चपला काढल्याच नव्हत्या.

घराला नवा राखाडी रंग दिलेला होता. दार एका तरुण बाईनं उघडलं. सुमंतनं तिला अवघडत समजावलं, की माझ्या आईला एक झाड बघायचंय. ती हसून म्हणाली, खुशाल बघा. मेपल तसाच होता, बुंधा थोडा जाड झालेला. शोभनाताई रस्त्याकडची बाजू बघून वळसा घालून मागे गेल्या. तिथे लहान मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर फुली होती.

ती ताजी नव्हती. स्क्रू ड्रायव्हरनं किंवा तसल्याच कशानं तरी ओरबाडून काढलेली आणि खोलवर गेलेली. आता तिच्या कडा फुगून आल्या होत्या, साल दोन्ही बाजूंनी मिटत चालली होती. शोभनाताईंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग त्यांनी खाली बघितलं, बाजूला बघितलं, पुन्हा बुंध्याला वळसा घातला. कुठेही नाव नव्हतं.

सुमंत म्हणाला, झाडं कापणाऱ्यांनी खूण केली असेल, करतात ते लोक असं. शोभनाताईंना आठवला एक रविवार, त्या गेल्या त्याच वर्षीचा, पानगळीच्या दिवसांतला. तिघं सोफ्यावर. नैना मध्ये. राधिकाचे डोळे सुजलेले, ती म्हणाली ॲलर्जी आहे. नैनानं अचानक म्हटलं होतं, आजी, तू आपलं झाड बघायला ये ना. शोभनाताईंना वाटलं, पानं लाल झाली असतील, त्याचं कौतुक. तेव्हा मंजुषाला भरवायची वेळ झाली होती. त्या म्हणाल्या होत्या, "फोटो पाठव गं बाळा." नैना क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली होती आणि मग म्हणाली होती, फोटो नको. तू ये.

त्या गवतावरच बसल्या. सुमंत घाबरून पाणी आणायला धावला. त्याला काय सांगायचं? तुझी मुलगी तुमच्या दोघांच्या मध्ये बसून, हसून, मला हाक मारत होती आणि तिची हाक कळेल असं जगात एकच माणूस होतं, ते सात समुद्रापलीकडे बसून फोटो मागत होतं?

गाडीत बसल्यावर त्यांनी नैनाला फोन लावायला सांगितलं. स्क्रीनवर जी आली ती उंच, गळ्याचं हाड दिसणारी, केस एका बाजूला कापलेली मुलगी होती. हाय आजी, फ्लाइट कशी होती, तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर शोभनाताईंना बरं वाटलं असतं. मागे कुठेतरी फोडणीचा आवाज येत होता.

"नैना, मी झाड बघून आले."

तिनं इकडे तिकडे बघितलं. मग म्हणाली, "ओह. ते खूप जुनं आहे, आजी."

"मला कळलं नाही गं. तेव्हा कळलं नाही."

"इट्स ओके."

"आणि नाव? जाताना नाव का नाही लिहिलंस?"

नैनानं खांदे उडवले. "मला वाटलं नाही, कोणी वाचायला येईल."

सुमंतनं मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. तिकडून कोणीतरी नैनाला हाक मारली. ती राधिकाच्या आईची, रेखाबाईंची हाक होती, पानं घेतलीत म्हणून सांगणारी. नैनानं आलेच म्हटलं, चांगल्या स्वच्छ मराठीत. शोभनाताईंनी विचारलं, जेवायला काय आहे? रेखाआजीनं भरली वांगी केलीत, नैना म्हणाली. शोभनाताई म्हणाल्या, बरं झालं. तसं खरोखरच त्यांना वाटत होतं. लेकराला कोणीतरी घरात घेतलं होतं, जेवायला घातलं होतं.

मग त्यांना राहवलं नाही. म्हणाल्या, "मी येऊ का तिकडे? थोडे दिवस. मेतकूट आणलंय तुझ्यासाठी."

नैना उठून उभी राहिली होती, स्क्रीनवर तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. आजी दुखावू नये अशा बेतानं, खूप सांभाळून, तिनं उत्तर दिलं.

"कुरिअर कर ना, आजी," ती म्हणाली.

शोभनाताईंनी मान डोलवली. फोन बंद झाल्यावर त्यांनी सुमंतला विचारलं, इथलं कुरिअरचं ऑफिस किती वाजता बंद होतं. मग मागे वळून पिशवीतला डबा पुढे घेतला, झाकण घट्ट आहे ना बघितलं आणि तो मांडीवर धरून बसून राहिल्या.