शिरा नाई

दिवाळी तोंडावर आली होती, तेव्हा हारूआई न्हाणीघरात पडली. पिंकीच्या नवऱ्याने, नागसेनने, तिला उचलून आपल्या ऑटोत घातलं आणि कामठीहून थेट नागपूरच्या सदर भागातल्या एका दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी घरच्यांना मनाची तयारी ठेवायला सांगितलं. पण म्हातारी चिवट निघाली. काही दिवसांनी तिने डोळे उघडले, उशाशी बसलेल्या पिंकीकडे बघून काहीतरी बोलली, आणि त्यातला एक शब्दही पिंकीला कळला नाही.

पिंकीला आधी वाटलं, जीभ जड झाली आहे. मग लक्षात आलं की ही अडखळलेली मराठी नव्हे. हे जपानी आहे.

हारूआईचं खरं नाव हारुको. जपानी यात्रेकरूंच्या एका जथ्याबरोबर ती ऐन तिशीत दीक्षाभूमीवर आली होती. जथा परत गेला, ही राहिली. का राहिली हे तिने सांगितलं नाही, आणि कामठीतल्या विणकरांच्या वस्तीने फार खोदून विचारलंही नाही. तिने बालवाडी काढली. मराठी ती वस्तीतल्या बायांकडून शिकली, त्यामुळे पुस्तकी मराठी तिला कधी आलीच नाही. "पोराले उपाशी काहून धाडलं वं?" असं ती दारात उभी राहून एखाद्या आईला विचारायची, तेव्हा नवखा माणूस दचकून मागे बघायचा. वस्तीतल्यांना मात्र ती परदेशातली आहे हे आठवेनासं झालं होतं.

पिंकी तिच्या बालवाडीतलीच. आई क्षयाने गेली आणि बापाने दुसरं घर मांडलं, तेव्हा हारूआईने तिला बालवाडीमागच्या आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं ते कायमचं. पुढे पिंकीचं लग्न झालं तर नागसेनच तिथे राहायला आला. लहानपणी एकदा पिंकीने जपानी शिकव म्हणून हट्ट धरला होता. हारूआई पोळी लाटत होती. ती म्हणाली, "कायले? तुही भाषा मले येते ना, मंग झालं."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की असं कधीकधी होतं. मागाहून शिकलेली भाषा आधी पुसली जाते, लहानपणची तेवढी उरते. मराठी परत येईलही, सांगता येत नाही. स्मरणाचंही तसंच.

घरी आणल्यावर सगळ्यांचेच हाल सुरू झाले. हारूआई काहीतरी मागायची, पिंकी पाणी द्यायची, ती मान फिरवायची. पिंकी चादर द्यायची, ती चिडायची. पाण्यापासून औषधापर्यंत सगळं पुढे करून होईतो अंथरूण ओलं झालेलं असायचं. नागसेनने चौकशी करून चिन्मयी नावाच्या एका मुलीला आणलं. ती नागपुरात जपानीचे वर्ग घ्यायची. चिन्मयी हारूआईजवळ बराच वेळ बसली, वाकून वाकून ऐकत राहिली, आणि शेवटी ओशाळून म्हणाली की हे कुठल्यातरी गावाकडचं जुनं बोलणं आहे, त्यात उच्चार फुटके, तिला जेमतेम चौथा हिस्सा कळतो. रोज येणं तिला शक्य नव्हतं. जाताना तिने पिंकीच्या मोबाइलमध्ये जपानी शब्दकोशाचं एक अ‍ॅप टाकून दिलं आणि वापरायचं कसं ते दाखवलं.

अ‍ॅप जपानीचा अर्थ इंग्रजीत सांगायचं. पिंकीचं इंग्रजी दहावीपुरतं. मग ती तो इंग्रजी शब्द दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घालून मराठी काढायची. दोन ओढे ओलांडून अर्थ हाती यायचा, तोवर हारूआई थकून झोपलेली असायची. माइकवर बोलून शब्द शोधायची सोय होती, पण हारूआईचं फुटकं बोलणं त्या यंत्राला उमगायचं नाही. त्यामुळे कानाला जसं ऐकू येईल तसं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, एवढाच मार्ग राहिला. एकदा ती 'काएरु, काएरु' म्हणत होती. पिंकीने शोधलं तर बेडूक निघाला. तिने न्हाणीघर, पलंगाखालची जागा, मोरीची जाळी, सगळं धुंडाळलं. मग यादीत खाली बोट सरकवल्यावर त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दिसला. परत जाणे, घरी जाणे.

तरीही शब्द साठत गेले. मिझु म्हणजे पाणी, समुइ म्हणजे थंडी वाजणे, इताई म्हणजे दुखणे. पिंकी आधी सीताबर्डीच्या एका दुकानासाठी ब्लाउज शिवायची. आता मशीन झाकून ठेवलं होतं आणि ती दिवसभर हातात मोबाइल घेऊन शब्द घोकत असायची. स्वयंपाक करतानाही अ‍ॅपमधली बाई तेच तेच बोलून दाखवत असायची. पहिल्यांदा जेव्हा तिने "मिझु?" असं विचारलं आणि हारूआईने मान डोलावून भांडं तोंडाला लावलं, तेव्हा पिंकीला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

आणि मग एका सकाळी मराठी परत आली.

हारूआई पिंकीकडे एकटक बघत होती. बघता बघता म्हणाली, "शिरा नाई." हारूआईने पुन्हा, स्पष्ट म्हटलं, "शिरा नाई."

पिंकी धावत ओसरीवर गेली आणि नागसेनला म्हणाली, "आयकून राहिले का? आई मराठी बोलली. शिरा नाई म्हणते, शिरा मागून राहिली."

तिने हात सैल सोडून तूप घातलं, वेलची घातली, शिरा केला. हारूआईने तो हळूहळू, एक कणही न सांडता खाल्ला आणि शेवटी किंचित मान लववली. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'शिरा नाई', पुन्हा शिरा. वस्तीत बातमी पसरली. बाया बघायला येऊ लागल्या. दुसरा मराठी शब्द काही आला नाही, पण एक आला म्हणजे बाकीचेही येतील, असं पिंकी सगळ्यांना सांगू लागली. गोड जास्त होतं म्हणून डॉक्टर रागावले, तरी तिने शिरा सोडला नाही. हारूआई खायची तेव्हा तिचे डोळे ताटलीवर नसायचे. परक्याच्या घरी, यजमानाचं मन मोडू नये म्हणून माणूस जसं निमूट खातं, तसं ती खायची. हे पिंकीला दिसत होतं. पण दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावायची तिची इच्छा नव्हती.

शेजारच्या इंदूबाई हारूआईच्याच वयाच्या. एका दुपारी त्या येऊन बसल्या. हारूआईने त्यांचा हात धरला, डोळ्यांनीच पिंकीकडे दाखवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "शिरा नाई हितो."

इंदूबाई हसल्या. म्हणाल्या, "अजून शिराच मागते वं हे."

पिंकी हसली नाही. हितो हा शब्द तिला माहीत होता. हितो म्हणजे माणूस. शिऱ्याचा आणि माणसाचा काय संबंध? तिने मोबाइल घेतला, मधली जागा काढून टाकली आणि सलग टाइप केलं. शिरानाई. अर्थ आला. तो तिने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये घातला. माहीत नसणे. ओळखत नसणे. पुढे माणूस जोडला की अनोळखी माणूस.

इतके दिवस ती रोज सकाळी पिंकीच्या तोंडावर सांगत होती की मी तुला ओळखत नाही. आणि पिंकी रोज तिला शिरा भरवत होती.

इंदूबाई गेल्यावर ती पलंगाजवळ बसली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "वाताशी, पिंकी." मी पिंकी. हारूआईने अदबीने मान लववली आणि "हाइ", म्हणजे हो, म्हटलं, दुकानात गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. मग दाराकडे बघून तिने विचारलं, "ओकासान?"

ओकासान म्हणजे आई. तिची आई कुठे आहे, असं ती विचारत होती.

पिंकीने शब्द शोधून जुळवले. ओकासान, सुगु कुरु. आई लवकरच येते. हारूआईचा चेहरा एकदम सैल पडला. तेव्हापासून रोज हेच. ती विचारायची, पिंकी सांगायची. खोटं बोलायला तेवढी जपानी पुरत होती.

पण येते म्हटलेलं माणूस येईना, तेव्हा हारूआईने जेवण बाजूला सारायला सुरुवात केली. आई आल्यावर तिच्यासोबत जेवीन, असं तिचं म्हणणं असावं. ओकासान एवढं पिंकीला कळायचं, बाकी अंदाज. खिडकीला तोंड करून ती बसायची. रस्त्याने एखादी बाई चालत आली की उठायला बघायची. अंगावरचं मांस उतरत चाललं. नागसेन म्हणाला, "खरं सांगून टाक. आई रडन एकडाव, मंग खाईन तरी."

पिंकीने 'मेली' हा शब्द शोधला. शिन्दा. अ‍ॅपमधल्या बाईने तो तिला ऐकवला, जसं पाणी ऐकवलं होतं तसाच. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला तेव्हा पिंकीने धीर केला आणि म्हणाली, "ओकासान, शिन्दा."

हारूआई लहान पोरासारखी, तोंड उघडं टाकून रडली. पिंकी तिला जवळ घ्यायला गेली, तर तिने होत्या नव्हत्या जोराने पिंकीच्या तोंडावर मारलं आणि खिडकीतून हाका मारू लागली. तो शब्द शोधायची गरज पडली नाही. वाचवा म्हणणारा आवाज कुठल्याही भाषेत ओळखू येतो. संध्याकाळपर्यंत ती भिंतीला चिकटून होती. सकाळी उठली तेव्हा सगळं विसरलेली. दाराकडे बघून तिने विचारलं, "ओकासान?"

"सुगु कुरु," पिंकी म्हणाली.

फाल्गुनात ताप आला. डॉक्टर घरी येऊन गेले, आता दवाखान्यात हलवून उपयोग नाही म्हणाले. ऊन तापायला लागलेल्या एका दुपारी पिंकी तिचं कपाळ पुसत होती. हारूआईने डोळे उघडले, तिचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "ओकासान. ओसोई."

पिंकीने दुसऱ्या हाताने टाइप केलं. ओसोई. उशीर.

आई, किती उशीर केलास.

पिंकीने तिच्या हातातला हात काढून घेतला नाही. माफी मागायचा शब्द तिला येत होता, तो ती म्हणाली. हारूआई त्यानंतर बोलली नाही. दिवस मावळायच्या आत गेली.

अख्खी वस्ती लोटली. तिने शिकवलेली माणसं, त्यांची लेकरं, लेकरांची लेकरं. वंदना झाली, फुलं वाहिली. शेवटचं बोलणं इंदूबाईंना कळलं होतं. त्या पिंकीला पोटाशी धरून म्हणाल्या, "जाता जाता तुलेच आई म्हणून गेली. भाग्य लागते वं त्याले." बाकीच्या बायांनीही तेच म्हटलं. पिंकी मान हलवत राहिली.

सगळे गेल्यावर नागसेनने तिच्यापुढे चहा ठेवला. ती म्हणाली, "ते तिच्या आईले बोलली. मले नाही बोलली. पिंकी म्हणून एकडावबी वळखलं नाही तिनं मले." नागसेनने निवलेला चहा उचलून पुन्हा गरम करून आणला.

पुढच्या महिन्यात विहाराच्या समितीचे आनंदराव आले. बालवाडीवर हारूआईच्या नावाचा फलक लावायचं ठरलं होतं. मराठीत मजकूर होताच, पण खाली तिच्या भाषेतली एखादी ओळ असावी असं त्यांना वाटत होतं. म्हणाले, तुला येते ना आता जपानी, सांग काहीतरी.

पिंकी विचार करू लागली. पाणी. थंडी. दुखणे. ओळखत नाही. आई लवकरच येते. मेली. उशीर. माफ कर.

"मराठीतच राहू द्या," ती म्हणाली, आणि मशीनवरचं कापड काढून खाली बसली.