भाकरीच्या अकरा थापा

वीरभद्रनं मांडीवर कागद पसरले, शिसपेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि बंडप्पांकडे पाहिलं.

"नेमकं कुठं हसलात ते सांगा."

"सगळीकडंच की," बंडप्पा म्हणाले.

"असं न्हाय. कोणत्या वाक्याला? किती वेळ?"

बंडप्पांनी डोळे मिटले, आठवून पाहिलं, आणि आठवता आठवता त्यांनाच पुन्हा हसू फुटलं. त्यातून वीरभद्रच्या कागदावर काही उतरलं नाही.

उमरग्याच्या पेठेत बॅटरीवरचा रेडिओ होता तो एकट्या बंडप्पांच्या दुकानात. गुरुवारी साडेसहाला त्यांच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची, कारण त्या वेळी हैदराबादहून नागूबाई बोलायची. नागूबाई म्हणजे कुणाच्या बापाला न भिणारी म्हातारी. दर आठवड्याला ती एखाद्या कचेरीत जाऊन मुन्शीपासून अंमलदारापर्यंत सगळ्यांची भंबेरी उडवी, आणि कार्यक्रम संपता संपता नव्या भांडणाला निघे. तिचा नवरा कधी म्हणजे कधी बोलत नसे. निघताना ती त्याला ओरडून सांगे, "भाकर खाऊन घ्या, माझी वाट बघू नका." तेच तिचं शेवटचं वाक्य.

ही नागूबाई म्हणजे तेलाचं दुकान सोडून गेलेला, मिशा राखणारा वीरभद्र, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पूर्वी तो जत्रेत लुगडं नेसून म्हातारीचं सोंग घ्यायचा. समोर हजार तोंडं असायची. हसू उसळलं की तो थांबायचा, ओसरलं की पुढचं वाक्य टाकायचा; यात काही विद्या आहे हे त्याच्या कधी ध्यानातही आलं नाही. रेडिओच्या खोलीत मात्र जाजम, लोखंडी माइक आणि काचेपलीकडे साहेबांचं न हसणारं तोंड. घाबरून तो भरभर बोलत सुटायचा. मग लोकांची पत्रं आली, की शेळीच्या भागाला आम्ही इतके हसलो की पुढचं ऐकूच आलं नाही, तो पुन्हा करा.

साहेबांनी ती पत्रं त्याच्या पुढ्यात ठेवली होती. येत्या गुरुवारी तोच भाग पुन्हा होणार होता. हसणाऱ्यांना जागा सोडा, म्हणाले, आणि कुठं किती ते तुम्हीच शोधून आणा. जमलं तर नोकरी पक्की, नाही तर उमेदवारीचे तीन महिने संपलेच आहेत. नोकरी पक्की झाली तर खोली मिळणार होती आणि बायकोला, शरणम्माला, हैदराबादला नेता येणार होतं. म्हणून तो दोन दिवसांची रजा काढून मोटारीनं उमरग्याला आला होता, आणि त्यातला एक दिवस बंडप्पांच्या हसण्यात गेला होता.

तो कागद गुंडाळून उठला तेव्हा बंडप्पांच्या पत्नी प्रेमाबाई आतल्या दारातून म्हणाल्या, आम्हाला काय विचारता, तुमच्या शरणम्माला विचारा. दर गुरुवारी ती आमच्या मागच्या दाराशी बसून ऐकते. स्वतः हसत नाही आणि आम्ही जास्त हसलो तर गप्प बसवते.

वीरभद्रला हे खरं वाटेना. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सगळं उमरगा त्याच्या नकलांना पोट धरून हसलं होतं, पण शरणम्माच्या ओठाची कड कधी हलली नव्हती. तो नकला करू लागला की ती चुलीतलं लाकूड पुढं सारायची. तिला त्यातलं काही कळत नाही, अशी त्यानं मनाची समजूत घालून घेतली होती आणि तिचा त्याला थोडा रागही होता.

घरी ती भाकरी करत होती. कपाळावरची विभूती घामानं पुसट झाली होती. त्यानं शेजारी बसकण मारली आणि रेडिओचा विषय काढला. आधी ती म्हणाली, म्या कशाला जाऊ तिकडं. मग तिनं काटवटीत पीठ भुरभुरवलं, गोळा घेतला आणि त्याच्याकडे न बघता बोलू लागली.

ती नागूबाईचं बोलत होती. आवाज तिचा स्वतःचा, सपाट. पण शब्द एकही इकडचा तिकडे नाही. शेळी कोंडवाड्यात गेली. नागूबाई फाटकाशी आली. "माझी शेळी कोंडलीत, मग तिच्या पोटातलं बी कोंडलंत का? त्याचा काय गुन्हा?" इथं शरणम्मा थांबली. तिचा हात भाकरी थापत राहिला. एक, दोन, तीन, चार. मग ती पुढचं बोलली.

वीरभद्रला उमगायला क्षणभर लागला. त्यानं घाईघाईनं कागद उघडला आणि त्या वाक्यावर चार आकडा घातला.

मुन्शीच्या टोपीला सहा थापा. शेळीला साक्षीला बोलावलं तिथं नऊ. तिथं भाकरी काटवटीबाहेर जाईल इतकी मोठी झाली. काही वाक्यांवर तो स्वतः फार खूश होता, तिथं ती एकदाही थांबली नाही. त्यानं विचारलं तेव्हा म्हणाली, तिथं कुणी हसत न्हाय, तंबाखू मळत्यात. तीन महिने ही बाई एवढं सगळं मनात धरून होती, हे त्याला आत्ता कळलं. आपण सहा वर्षं कुणाशी संसार केला, असंही त्याला वाटलं.

शेवट आला. "भाकर खाऊन घ्या, माझी वाट बघू नका." शरणम्मा गप्प झाली. हात चालू. आठ, नऊ, दहा, अकरा. भाकरी मध्ये विरली.

"इथं एवढं हसतात?"

"न्हाय. इथं लोक उठून चपला बघत्यात."

"मग तू का थांबलीस?"

तिनं विरलेली भाकरी गोळा करून पुन्हा मळायला घेतली.

"तिथं म्या बोलते."

"कुणाशी?"

"तुमच्याशी. दुसरं कोण हाय तिथं?"

काय बोलतेस, असं त्यानं विचारलं. ते तुमाला कशाला पायजे, म्हणाली. त्यानं कागदावर अकरा लिहिलं.

गुरुवारी दुपारी तालमीत तो मांडीवर हलक्या थापा मारत, त्यांचा आवाज होऊ न देता बोलला. शेळीच्या साक्षीला काचेपलीकडे साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बाहेर येऊन त्यांनी हात मिळवला, नोकरी पक्की म्हणाले. मग शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"यहाँ कोणी हसणार नाही, वीरभद्रजी. इतकी रिकामी जागा कुणासाठी?"

वीरभद्रनं पेन्सिल हातात घेतली, पण खोडेना. नुकतीच मिळालेली नोकरी हातची जाते की काय, अशी भीती त्याला वाटली.

"साहेब, तिथं घरचं माणूस बोलतंय," तो म्हणाला.

साहेबांनी कागदाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग स्वतःच्या शाईच्या पेनानं अकरा खोडून सात केले. इससे ज्यादा नाही, म्हणाले.

संध्याकाळी बंडप्पांच्या ओट्यावर माणसं हसून हसून लोळली, आणि या खेपेला प्रत्येक शब्द ऐकू आला. मागच्या दाराशी शरणम्मा गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती.

"भाकर खाऊन घ्या, माझी वाट बघू नका," नागूबाई ओरडली, आणि रेडिओ गप्प झाला.

लोक चपलांकडे वळता वळता थबकले. बॅटरी बसली, असं पुटपुटत बंडप्पा रेडिओवर चापट मारायला उठले.

"हात लावू नका," शरणम्मा आतून केवढ्यांदा तरी म्हणाली. "चालू हाय ते."

एवढ्यात सात थापा सरल्या आणि निवेदकानं कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. अकरातल्या चार थापा कमी पडल्या आणि नवऱ्याला द्यायचं तिचं उत्तर तोंडातच राहिलं. प्रेमाबाई तिच्याकडे बघत होत्या. शरणम्मानं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे थांबेनात, आणि मग पदर सोडून देऊन ती खळखळून हसली.