कनीजचा डावा हात

नव्या मास्तराला जे खरं शिकायचं असतं ते कुठल्याही पुस्तकात सापडत नाही. फळा कसा पुसावा, हजेरी कशी भरावी, पाठाचं टाचण कसं काढावं, हे सगळं पुस्तकात असतं. शाळा तपासणारे डिपोटी साहेब वर्गात येऊन मागच्या खुर्चीवर बसले की काय करायचं, ते मात्र जुनी माणसंच सांगतात. कुंदाबाईंना ते शाळेतल्या जुन्या चुडामण मास्तरांनी सांगितलं, आणि अगदी मनापासून, लेकीला सांगावं तसं सांगितलं.

"उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा," मास्तर म्हणाले. "पण हात वर करायचाच. साहेबाला मागून हातच हात दिसतात. तुम्ही फक्त उजव्याला विचारा. डाव्याकडे बघायचंसुद्धा नाही."

कुंदाबाईंना हसू आलं. मग ओशाळल्यासारखं झालं. मास्तरांच्या ते लक्षात आलं असावं, कारण ते म्हणाले की ही काही त्यांची अक्कल नव्हे, त्यांच्या गुरुजींनी त्यांना असंच शिकवलं होतं, आणि आजचे डिपोटी साहेब मास्तर होते तेव्हा तेही हेच करत. म्हणजे ज्याला फसवायचं त्यालाही ठाऊक, जो फसवतो त्यालाही ठाऊक. शिक्षण खात्यात याला वर्गाचा प्रतिसाद म्हणत.

हे चोपन्न सालचं. यावलहून सातपुड्याच्या अंगाला गेलं की केळीच्या बागा संपता संपता एक गाव लागायचं, तिथल्या शाळेत कुंदाबाई नव्या लागल्या होत्या. नवरा लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांतच विषमज्वराने गेला. सासरच्यांनी पाचोऱ्याला भावाकडे आणून सोडलं. भाऊ जीवराम मनाने वाईट नव्हता. भावजय भाकरी मोजत नसे, फक्त कुंदाबाईंच्या ताटाकडे बघे, आणि तेवढं पुरे होत असे. सातवी पास होत्या म्हणून शाळेत हंगामी चिकटल्या. पण ट्रेनिंग न झालेल्या हंगामी बायांना स्कूल बोर्ड आता कमी करणार, अशी बातमी होती. त्यातून सुटायची वाट एकच, धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव लागणं. आसपासच्या शाळांच्या गटातून एकाच बाईचं नाव जाणार होतं, आणि ते डिपोटी साहेब गटसंमेलनातला नमुना पाठ बघून ठरवणार होते. धुळे, नाहीतर पाचोरा. कुंदाबाईंपुढे तिसरं गाव नव्हतं.

पाठ समवाय पद्धतीचा होता. ते दिवस मूलोद्योगाचे होते. टकळी फिरवता फिरवता गणित आलं पाहिजे आणि कापूस हाताळता हाताळता भूगोल, असा सरकारचा आग्रह होता. कुंदाबाईंनी तिसरीचा वर्ग घेतला आणि विषय घेतला कापूस. सबंध आठवडा तालीम केली. कोणता प्रश्न कधी, कोण उठणार, कोण फळ्यापाशी येणार, सगळं बसवलं. आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, जागचं हलायचं नाही, कोणाला शिंकायचं झालं तरी बाईंकडे बघून. पोरांना त्याची गंमत वाटायला लागली होती. नाटकाला उभं राहायचं असावं तशी ती वागत.

वर्गात सगळ्यांत हुशार कनीज. हाशम पिंजाऱ्याची लेक, कापसातच लोळून वाढलेली. तिच्या केसात नेहमी कुठे ना कुठे तंतू अडकलेला असे. तिचा हात सदा उजवाच वर जायचा, आणि असा तडक जायचा की शेजारणीच्या नाकाला लागावा. टोपलीतलं बोंड आणून द्यायचं मानाचं काम म्हणूनच तिला दिलं होतं.

टोपलीचीही एक रीत होती. शिकवायचं साधन मुलांना आधी दिसू द्यायचं नाही, वेळ आली की मगच बाहेर काढायचं, म्हणजे जिज्ञासा जागी होते. ही रीत मात्र पुस्तकातली. कुंदाबाईंनी आदल्या संध्याकाळीच कापसाची बोंडं भरून टोपली कपाटामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली आणि वर केळीचं पान घातलं. कनीजला तालमीत बजावलं होतं की पान काढायचं नाही, नाहीतर मागच्यांचं लक्ष उडतं. पानाखालून हात घालायचा आणि एकच बोंड आणायचं. पाठाच्या सकाळी कुंदाबाईंनी पान सरळ केलं, पण उचलून पाहिलं नाही. रात्रीत कापसाचं काय होणार होतं?

सकाळी आसपासच्या गावांतले शिक्षक जमले. भिंतीला टेकून रांगेने बसले. डिपोटी साहेब खुर्चीवर, शेजारी चुडामण मास्तर उभे. पहिले दोन प्रश्न नीट पार पडले आणि कुंदाबाईंना आवाज सापडला. मग त्या म्हणाल्या, "कनीज, टोपलीतलं एक बोंड घेऊन ये बरं."

कनीज उठली. कोपऱ्यात गेली, वाकली, पानाखाली हात घातला. जरा दचकल्यासारखी झाली, बस, तेवढंच. मग बोंड घेऊन आली आणि बाईंच्या हातावर ठेवलं. तालमीत बोंड देताना ती दात काढून हसायची. आज हसली नाही. कुंदाबाईंना बरं वाटलं, पोर गंभीर झाली म्हणून.

त्यांनी विचारलं, बोंड फोडलं की आत काय काय सापडतं? सगळा वर्ग हात वर करून बसला. कनीजचाही हात वर होता, आणि तो डावा होता.

कुंदाबाईंनी तो पाहिला. त्यांना राग आला, हे स्वतःपाशी त्यांनी पुढे कधी नाकारलं नाही. इतकं सोपं, आणि पिंजाऱ्याच्या पोरीला येऊ नये, तेही आजच? त्यांनी दुसऱ्या एका उजव्या हाताला विचारलं. उत्तर आलं. पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा कनीजचा डावा हात, या वेळी अधिक उंच, खांद्यातून ताणून धरलेला. उजवा तिने मांडीवर परकरात गुंडाळून घेतला होता. ओठ हलत होते, पण आवाज काढायचा नाही हे तिला पाठ होतं. तिची आणि बाईंची नजर एक झाली. कुंदाबाईंनी नजर काढून घेतली. डाव्याकडे बघायचं नाही, हे त्यांनाही पाठ होतं.

तिसऱ्या प्रश्नाला तिचा हात वर आलाच नाही. पोरगी पेंगत होती. पापण्या खाली येत, ती त्या ओढून उघडायची, पुन्हा खाली येत. मागून चुडामण मास्तरांनी हनुवटीने खूण केली. कुंदाबाई शिकवता शिकवता ओळींमधून मागे सरकल्या आणि साहेबांच्या आणि कनीजच्या मध्ये उभ्या राहिल्या. पाठाच्या शेवटापर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. पदर हवा तेवढा पसरलेला होता. मागच्या रांगेतल्या एका अनुभवी मास्तराने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, कारण ही चाल त्याच्या ओळखीची होती आणि नव्या बाईला इतक्या लवकर साधली याचं त्याला कौतुक वाटलं.

घंटा झाली. पोरं उठली, कनीज उठली नाही. कुंदाबाई जवळ गेल्या तेव्हा तिची जीभ जड झाली होती. "बाई, टोपलीत... हाताले..." एवढं कळलं. करंगळीपाशी दोन बारीक टिपके होते, लालीसुद्धा धड नव्हती. मण्यारीचा दात असाच असतो, लागला तरी फारसा दुखत नाही. चुडामण मास्तरांनी काठीने टोपली उलथी केली. कापसातून काळी, पांढऱ्या पट्ट्यांची मण्यार सुस्तपणे बाहेर आली, आणि भिंतीला टेकलेले शिक्षक एकदम उभे राहिले.

गाडी जुंपली गेली. हाशम पिंजारी धावत आला, पोरीला उचलून गाडीत बसला. कुंदाबाई चाकापर्यंत गेल्या. चुडामण मास्तरांनी हळू आवाजात सांगितलं की तुम्ही थांबा, साहेबांना दुपारच्या मोटारीने जायचंय, पाठावर चर्चा व्हायचीय, आणि तुम्ही येऊन तिथे काय करणार. ते खरंच होतं. कुंदाबाई थांबल्या. चर्चा झाली, छोटीशीच झाली. साहेबांनी हळहळ व्यक्त केली, मग म्हणाले की एवढा प्रकार घडला तरी वर्ग विस्कटला नाही, शिस्त म्हणतात ती हीच. धुळ्याला बाईंचं नाव जाईल.

कनीज यावलच्या अलीकडे, ओढ्याच्या उतारावरच गेली. गाडी दवाखान्याकडे न जाता तिथूनच परत फिरली.

गावात कोणी कुंदाबाईंना बोल लावला नाही. साप, त्याला कोण काय करणार? उलट बायका येऊन म्हणाल्या की बाईंचा हात टोपलीत गेला असता तर. वर्गातली पोरं बोलली नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांना इतकं पक्कं शिकवलं होतं, की ती पुढेही कधी बोलली नाहीत.

धुळ्याचा हुकूम आला. ट्रंक बांधून झाल्यावर, निघायच्या आदल्या दिवशी कुंदाबाई हाशमच्या घरी गेल्या. न जाता निघून जाणं त्यांना जमेना. ओसरीत पिंजायची धनुकली खुंटीला टांगलेली होती, तिला कोणी हात लावलेला दिसत नव्हता. कनीजची आई सुगराबी, तिने बसायला तरट दिलं. पाणी दिलं. मग म्हणाली,

"बाई, एक इचारू? माही कनीज चूप बसनारी नव्हती. काटा मोडला तरी गल्ली डोक्यावर घे. त्या दिशी तिनं तुमाले काहीच नाही सांगतलं?"

सांगितलं होतं. दोनदा, हात ताणून सांगितलं होतं. कुंदाबाईंच्या तोंडाशी आलं सगळं. पण सांगितलं की ते गावात होणार, गावातून बोर्डात जाणार, आणि हुकूम फिरणार. पाचोऱ्याचं ते ताट त्यांना दिसलं, आणि ताटाकडे बघणारे डोळे दिसले. त्या एवढंच म्हणाल्या, "नाही सुगराबी. पाठ चालू होता तोवर काहीच बोलली नाही ती."

शब्दाला शब्द धरला तर खरं होतं. खोटं बोलायची हीसुद्धा एक रीत असते, आणि ती त्यांना कोणी शिकवलेली नव्हती.

सुगराबी मान हलवत राहिली. "मंग मीच मारलं तिले," ती म्हणाली. "मीच सकायी सांगतलं व्हतं, आज बाईच्या नोकरीचा दिवस हाये, शायेत तोंड उघडलं तर घरी आल्यावर पायजो. तिनं आईकलं माहं. कधी आईकत नव्हती, त्या दिशी आईकलं."

विहिरीवर पाणी भरताना, आपल्या नोकरीचा दिवस आहे, पोरीला जरा सांगून ठेव, असं सुगराबीला कुंदाबाईंनीच सांगितलं होतं. आताही एक वाक्य बोललं असतं तर त्या बाईच्या डोक्यावरचा धोंडा उतरला असता. कुंदाबाई पाणी पिऊन उठल्या. दुसऱ्या दिवशी त्या धुळ्याच्या मोटारीत बसल्या.

धुळ्यात त्या चांगल्या गुणांनी पास झाल्या. बालकाचं मन, अवधान, जिज्ञासा यांवर त्यांनी पानंच्या पानं लिहिली. परतल्या त्या कायम होऊन, त्याच गटात, शेजारच्या गावी. पगार भावाकडे पाठवू लागल्या, आणि भावजय आता पत्रात वन्संची ख्याली-खुशाली विचारू लागली. मिळवायचं ते सगळं मिळालं होतं.

पुढे एकदा नव्याने लागलेल्या शिक्षकांसाठी गटसंमेलन भरलं, त्याच शाळेत. चुडामण मास्तर आता निवृत्तीला आले होते, त्यांना मार्गदर्शनाला उभं केलं होतं. समोर कोवळी पोरं, नुकत्याच सातवी झालेल्या दोन-तीन मुली. कुंदाबाई मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोपऱ्यात कपाट होतं तिथेच होतं.

मास्तरांनी साधन झाकायची रीत सांगितली, मग हातांची सांगितली. पोरं हसली, मग ओशाळली. मग ते वर्गाच्या शिस्तीवर आले.

"शिस्त कशी असावी ते या गावानं पाहिलंय," मास्तर म्हणाले. "नमुना पाठ चालू होता. पोरीला मण्यार चावली. चावली, तरी पोरगी जागची हलली नाही, एक शब्द बोलली नाही, पाठ संपेपर्यंत बसून राहिली. या कुंदाबाईंचा वर्ग तो. याला म्हणतात तयारी."

नवे शिक्षक वळून कुंदाबाईंकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेत आदर होता. एका मुलीने तर हे टिपून घेतलं. पुढच्या वर्षी ती हे दुसऱ्या कोणाला तरी सांगणार, तो आणखी कोणाला, आणि कनीज अशीच वर्गावर्गातून गप्प बसलेली राहणार, हे कुंदाबाईंना तिथे बसल्या बसल्या दिसलं.

मास्तरांनी विचारलं, कोणाला काही विचारायचंय, सांगायचंय का?

दोन-तीन हात वर गेले. कुंदाबाईंचाही गेला. खांद्यातून ताणून धरलेला, डावा. आपण तो मुद्दाम वर केला की आपोआप गेला, हे त्यांना पुढेही सांगता आलं नसतं. पण या वेळी त्यांना खरंच बोलायचं होतं. नोकरी जाते तर जाऊ दे, पाचोऱ्याला जावं लागलं तर लागू दे, सुगराबी अजून याच गावात होती.

मास्तरांनी तो हात पाहिला. त्यांची आणि कुंदाबाईंची नजर क्षणभर एक झाली, आणि त्यांना सगळं कळलं, यात शंका नाही. मग त्यांनी नजर काढून घेतली आणि पुढे बसलेल्या एका पोराच्या उजव्या हाताकडे बोट केलं. तो उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं की साधन झाकायला केळीचं पान चालतं का, की कापडच हवं.