चाळीस मुक्कामांची वाट

“किती राहिलं, ताई?” मल्हारीनं चौथ्यांदा विचारलं.

“काका, नागपूर ते संभाजीनगर सव्वा तास. आता आलंच,” शेजारची कॉलेजातली मुलगी हसून म्हणाली.

मल्हारीचा या हिशेबावर विश्वास बसेना. मेंढरं घेऊन निघालं तर ही वाट चाळीस मुक्कामांची, तीही नद्यांना पाणी नसलं तर. जन्मभर अंतर पायांनी मोजलेल्या माणसाला चाळीस मुक्काम सव्वा तासात गिळणारं यंत्र सरळ वाटेलच कसं? पण इलाज नव्हता. चार दिवस लेकीकडे म्हणून नागपूरला आला, आणि काल मुलाचा, अजिनाथचा, फोन आला. बायकोच्या, राजाबाईच्या, डोक्यात रक्त साकळलं होतं. संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात आज अकराला ऑपरेशन होतं, आणि गळ्यातली काळी पोत ती कुणालाच काढू देत नव्हती. “नवरा जिता हाय माझा. त्यांच्याच हातानं निघंल,” असं तिनं डॉक्टरांना सुनावलं होतं. डॉक्टरांनीही सांगून टाकलं, अकराच्या पुढं थांबता येणार नाही, पोत कापून आत नेऊ. म्हणून जावयानं सासऱ्याला विमानात बसवून दिलं होतं.

विमान खाली येऊ लागलं तसा त्याच्या जिवात जीव आला. खिडकीतून दौलताबादचा किल्ला दिसला. मग विमान कलंडलं, वर चढलं, आणि थोड्या वेळानं तोच किल्ला पुन्हा खिडकीत आला.

कळपातलं मेंढरू गोल गोल फिरायला लागलं की ते हातचं गेलंच समजायचं. हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

“पोरी, हे गोल फिरायलंय.”

“खाली वारा आहे, काका. कमी झाला की उतरेल.”

“नाय. गोल फिरणारं जगत नाय.”

मुलीचं हसू मावळलं. तिनं त्याचा हात धरला, आणि सांगायला लाज कशाला, त्यानंही तो घट्ट धरून ठेवला. स्वतःच्या मरणाची भीती नव्हती असं नाही. पण आपण आभाळात घिरट्या घालत राहू आणि खाली कुणीतरी पोतीला कात्री लावेल, ही भीती त्याहून मोठी होती.

चौथ्यांदा किल्ला दिसल्यावर एकदाची चाकं जमिनीला टेकली.

तो दवाखान्यात पोचला तेव्हा अकराला पाच मिनिटं होती. राजाबाई स्ट्रेचरवर होती, डोकं भादरलेलं. एवढ्या वर्षांच्या संसारात चारचौघांत तिच्या डोक्यावरचा पदर त्यानं ढळलेला पाहिला नव्हता.

“लई येळ केला,” ती म्हणाली.

“वर फिरत व्हतो.”

त्यानं पोतीच्या गाठीला हात घातला. शेकडो मेंढरांची लोकर कातरलेली ती बोटं आज ऐकेनात. नर्सनं कात्री पुढं केली. त्यानं नको म्हणून मान हलवली, वाकला, आणि सगळ्यांदेखत दातांनी गाठ सोडवली. राजाबाईनं डोळे मिटून घेतले.

स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं.

“आबा, द्या इकडं. पिशवीत ठेवतो,” अजिनाथ म्हणाला.

मल्हारीनं ऐकलं नाही. सदऱ्यावरूनच त्यानं ती पोत स्वतःच्या गळ्यात बांधली आणि दाराकडं तोंड करून बाकावर बसला.