शेवटचा डबा

"पट्टी काढ की रे! माझा शिक्का बघ, ओळंबा लावल्यासारखा सरळ आलाय. यंदा मोजूनच दाखव."

ओरिहारानं आपली वही नागुमोच्या तोंडासमोर नाचवली. मिनोकुची स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये ते तिघंच होते. भिंतीशी एक टेबल, टेबलावर शाईची गादी आणि साखळीला बांधलेला स्टेशनाचा शिक्का. शिक्क्यावर धबधबा आणि धबधब्याखाली बसलेला बेडूक.

"पट्टी घरी राहिली," नागुमो म्हणाला.

"घरी राहिली?" चहाच्या वाफेतून कुसाकानं तोंड वर काढलं. "अरे मीटर, एक वेळ तू कवळी घरी विसरशील. पण पट्टी?"

"म्हातारा झालो."

"तो तर तू शाळेतच झाला होतास," ओरिहारा म्हणाला, आणि दोघं हसले. नागुमोही हसला, पण अर्धा क्षण उशिरा. पट्टी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातच होती. तिच्यावरच्या रेघा आता त्याला वाचता येत नव्हत्या, आणि ते सांगण्यापेक्षा विसराळू म्हणवून घेणं स्वस्त पडत होतं.

सदतीस वर्षं नागुमोनं नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचले होते. लोकांच्या घरांमागं ओणवं होऊन, लोखंडी झाकण उचलून, कोळ्यांची जाळी बाजूला सारून तो काळ्या चकतीवरचे आकडे वाचायचा. एका आकड्याचीही चूक कधी झाली नाही, असं तो सांगायचा. आणि एकदा झाली होती, हेही तोच सांगायचा. अशा माणसाच्या डोळ्यांत वसंत ऋतूत डॉक्टरांनी दिवा मारला आणि काचबिंदू असल्याचं सांगितलं. कडेकडेनं नजर आत येत जाईल, बांबूच्या नळीतून बघितल्यासारखं दिसेल, अंधारात तर फारच कमी. गेलेलं परत येणार नाही.

"मित्रांना सांगून टाका," बायको म्हणाली होती. चिसे शहाणी बाई. पण तिला कलम सात ठाऊक नव्हतं.

हे चौघं एका वर्गातले. एक्केचाळिसाव्या वर्षी, वर्गाच्या स्नेहसंमेलनात जरा जास्त झाल्यावर, त्यांनी ठरवलं की दरवर्षी नोव्हेंबरातल्या दुसऱ्या मंगळवारी (ओरिहाराच्या न्हाव्याच्या दुकानाला मंगळवारी सुट्टी) रेल्वेचा एक फाटा धरायचा, स्टेशनागणिक उतरायचं आणि तिथला शिक्का आपापल्या वहीत मारायचा. चौथा मोमोसे. त्याचं वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं, म्हणून चार वह्या त्यानं दिल्या आणि आपल्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर नियमही लिहून घेतले. शिक्का सरळ आला पाहिजे. बाकीच्यांनी शेजारी आपल्या नावाचा छोटा शिक्का उमटवून साक्ष दिली पाहिजे. ज्याचा शिक्का वाकडा, तो शेवटचा डबा.

शेवटचा डबा म्हणजे लहान पोरं खेळतात तीच आगगाडी. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि साऱ्या फलाटावरून भक्‌भक्‌ करत जायचं. इंजिन कायम कुसाका, कारण टोफू करून करून त्याचं पोट इंजिनासारखं झालं होतं. शेवटचा डबा गार्डाचा. त्यानं तोंडानं शिट्टी दिल्याशिवाय गाडी हलायची नाही. शाळकरी मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. एका स्टेशनमास्तरनं तर एकदा हिरवं निशाण दाखवलं होतं. आणि शेवटच्या स्टेशनावर जो शेवटचा डबा होईल, त्यानं पुढच्या वर्षीचा फाटा ठरवायचा.

सव्वीस वर्षांचा हिशेब नागुमोकडं तोंडपाठ होता. मोमोसे शहाण्णव वेळा शेवटचा डबा, कुसाका एकसष्ट, ओरिहारा अठ्ठेचाळीस. नागुमो चार. अर्ध्या मिलिमीटरसाठी तो पट्टी काढून भांडायचा. मित्र त्याला शिव्या घालायचे, आणि त्या शिव्यांसाठी तो वर्षभर वाट बघायचा.

सातवं कलम रात्री शेवटी सुचलं होतं, बाटली संपता संपता: जो आपल्या हातानं शिक्का मारू शकत नाही, त्याची वही बंद. चौघं पोट धरधरून हसले होते. एक्केचाळीस वर्षांच्या माणसाला त्यात हसण्यासारखंच काहीतरी दिसतं.

म्हणून यंदा नागुमोनं तयारी केली होती. दहा दिवसांपूर्वी तो एकटाच येऊन हा फाटा फिरून गेला होता, मीटर वाचायला निघाल्यासारखा. मिनोकुची: दारापासून टेबल चार पावलं, डावीकडं. ताकिनोओ: उंबरा आहे, नंतर सहा पावलं. ओकुमिसाका, शेवटचं स्टेशन: शिक्का वरच्या जुन्या इमारतीत, फलाटावर परत उतरायला अकरा पायऱ्या, कठडा नाही. वहीची भरलेली पानं त्यानं एका जाड रबरानं बांधून टाकली होती. हाताला रबर लागलं की पुढचं पान कोरं. बोटांना एवढं कळलं तरी पुरे होतं.

मिनोकुचीला सगळं जमलं. ताकिनोओला पुढच्या गाडीपर्यंत दोन तास होते. उन्हात बाकावर बसून तिघांनी डबे उघडले. चेस्टनट घातलेला भात, मुरवलेला मुळा, कुसाकानं आणलेला तळलेला टोफू.

"खातोस काय असा चाचपून?" ओरिहारा म्हणाला. "भातात बाँब नाहीये."

"चेस्टनट मोजतोय. तुझ्या डब्यात जास्त आलेत."

"बघ! पट्टी नाही तर बोटांनी मोजतोय हा."

नागुमोनं डबा मांडीवर घट्ट धरला. डब्याच्या एका कोपऱ्यात काय होतं ते त्याला दिसलंच नव्हतं, आणि चॉपस्टिक दोनदा रिकाम्या लाकडावर आपटल्या होत्या. दोघांनी ऐकलं असेल का? न्हावी माणूस, गिऱ्हाइकाच्या मानेचा केस हलला तरी याला कळतं.

"चला, शिक्के," कुसाका उठत म्हणाला. उरलेला टोफू त्यानं कागदात गुंडाळला होता.

उंबरा. सहा पावलं. टेबल. नागुमोनं वही काढली आणि त्याची बोटं थबकली. रबर नव्हतं.

पिशवीत निसटलं असेल. त्यानं पिशवी चाचपली. मागं ओरिहारा नेहमीसारखी कुरकुर करत होता, "मारतोस का, का मुहूर्त बघतोस?" बाहेर एवढं ऊन की आतली खोली त्याला विहिरीसारखी काळी झाली होती. वही हातात आपसूक उघडली. पानावर त्यानं तळवा फिरवला. कागद कागदासारखाच लागला. आता थांबलं तर विचारतील. थांबायचं नाही. त्यानं शिक्का गादीवर दाबला आणि उतरवला.

मग वही पुढं सरकवली. "साक्ष द्या."

कोपऱ्यातलं घड्याळ टिकटिकत होतं. एक, दोन, तीन, चार. सव्वीस वर्षांत ओरिहारा इतका वेळ गप्प बसल्याचं नागुमोच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. मग शाईच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. कुसाकाचा नावाचा शिक्का उमटला. मग ओरिहाराचा.

"सरळ?" नागुमोनं विचारलं.

"सरळ," ओरिहारा म्हणाला. नुसतं तेवढंच.

गाडीत बसल्यावर नागुमोनं खिडकीची जागा घेतली. कुसाकाच्या मांडीवर टोफूचं पुडकं होतं, आणि पुडक्याला एक जाड रबर लावलेलं होतं.

"हे रबर...?"

"तुझ्या वहीचंच. खाताना घेतलं की मघाशी. रस गळत होता रे. का?"

"काही नाही."

उन्हाचा तुकडा पानावर पडेपर्यंत त्यानं वाट पाहिली, आणि मग मान हळूहळू वळवत, बांबूच्या नळीतून पाहावं तसं पान तुकड्यातुकड्यानं पाहिलं. ताकिनोओचा पूल. पुलाच्या कमानीतून दुसरंच काहीतरी डोकावत होतं: सारस पक्ष्याची चोच. सहा वर्षांपूर्वीचा शिक्का. त्याच्या अंगावरच त्यानं आजचा मारला होता. कडेला तीन जुन्या साक्षी, त्यांतली एक थरथरलेली, अर्धीच उमटलेली. मोमोसे. तिच्या खाली आजच्या दोन, ओल्या.

वही तिथंच उघडायची हे त्यानं ओळखायला हवं होतं. सहा वर्षांत ते पान त्यानं इतक्यांदा उघडलं होतं की बांधणीच तिथं मोडली होती.

त्या वर्षी मोमोसेची उजवी बाजू नुकती लुळी पडून सावरत होती. सारसाच्या स्टेशनावर तो हसत म्हणाला होता, "नागुमो, मनगटाला जरा टेकू दे ना." आणि नागुमो ओरडला होता, "कलम सात! कलम सात!" सगळे हसले. मोमोसे सगळ्यांत जास्त हसला. डाव्या हातानं शिक्का मारला, वाकडा आला, शेवटचा डबा झाला, शिट्टीही झकास दिली. पुढच्या शरदात त्याचं कार्ड आलं: कलम सातनुसार माझी वही बंद. तुम्ही जा. आपला, शेवटचा डबा. थंडीत तो गेला. त्याच्या बायकोनं त्याची वही शवपेटीत ठेवली, छातीवर. त्या कार्डाबद्दल तिघं कधीच बोलले नाहीत.

आता समोर दोघं बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते. त्यांना कळलं होतं. आता बोलतील. आता नाही तर शेवटच्या स्टेशनावर. ओरिहारा काहीतरी मस्करी करेल, आणि त्या मस्करीवर आपल्याला हसावं लागेल; मोमोसेला लागलं तसं. मग पुढच्या नोव्हेंबरात एक कार्ड लिहायचं. चिसेकडून लिहून घ्यावं लागेल.

ओकुमिसाकाला गाडी पोचली तेव्हा सूर्य डोंगरामागं गेला होता. दहा दिवसांपूर्वी तो इथं भर दुपारी आला होता. हा अंधार त्याच्या हिशेबात नव्हता. परतीची गाडी हीच, चौदा मिनिटांनी. चढताना त्यानं पायऱ्या पायांनी मोजल्या. अकरा. वर पिवळा मिणमिणता दिवा. टेबलाचा कोपरा त्याच्या मांडीला लागला, आणि त्यानं ओठ दाबून धरले.

कुसाकाचा शिक्का झाला, ओरिहाराचा झाला. कुसाकानं नागुमोच्या पिशवीतली वही काढून त्याच्या हातात दिली. भरलेल्या पानांवर रबर परत लावलेलं होतं.

नागुमोनं कोरं पान उघडलं. दोन्ही अंगठे पानाच्या खालच्या कडेला लावले, शिक्क्याचा लाकडी चौकोन अंगठ्यांना भिडवला आणि अलगद उतरवला. सदतीस वर्षं या बोटांनी अंधारात झाकणं उघडली होती. डोळ्यांनी दगा दिला असेल, बोटांनी नाही. शिक्का सरळ होता. आजच्या तिघांच्या शिक्क्यांत सगळ्यांत सरळ.

ओरिहारा वहीवर वाकला.

"वाकडा," तो म्हणाला.

"काय?"

"वाकडा आलाय. चांगला तीन मिलिमीटर. काय रे कुसाका?"

"चार म्हण," कुसाका म्हणाला. "मला तर चार वाटतात."

नागुमोचा हात कोटाच्या आत गेला. पट्टीचं गार पोलाद बोटांना लागलं. ती काढून टेबलावर ठेवली असती, वाचा म्हटलं असतं, तर शेवटच्या डब्याचा त्याचा आकडा चारच राहिला असता. बाहेर दारापासून पायऱ्या सुरू होत होत्या, आणि त्यांच्या पलीकडं काहीच नव्हतं, नुसतं काळं.

त्यानं हात रिकामा बाहेर काढला.

"वाकडा तर वाकडा," तो म्हणाला.

"पाचवी वेळ! लिहून ठेवा," ओरिहारा ओरडला. "शेवटच्या स्टेशनाचा शेवटचा डबा. पुढच्या वर्षीचा फाटा तू ठरवायचा. आणि जेवण बरं मिळेल असा ठरव."

"आणि कलम सात?" नागुमोनं विचारलं.

दोघांनी साक्षीचे शिक्के काढले. एकामागून एक ते वहीत उमटले.

"नियम मोमोसेच्या वहीत होते," ओरिहारा म्हणाला. "ती त्याच्याबरोबर गेली. सात होतं का काही?"

"माझ्या ध्यानात तर सहाच आहेत," कुसाका म्हणाला. "चला, गाडी चुकेल."

कुसाका दारात उभा राहिला. त्याच्यामागं ओरिहारा. नागुमोनं हात पुढं केले; एक हवेत गेला, एकाला खांदा सापडला. ओरिहाराचे खांदे हाडकुळे होते आणि कोटाला केसांच्या तेलाचा वास होता. त्या वर्षी मोमोसेचा डावा हात नागुमोच्या खांद्यावर होता. किती जड होता! मुद्दाम भार टाकतोय, असं वाटून त्यानं तो दोनदा झटकला होता. आता तो खांदा मोकळा होता, आणि तिथं गार वारा लागत होता.

इंजिन हलेना. खाली फलाटावर रिकामी गाडी दिवे लावून उभी होती.

"गार्डसाहेब," अंधारातून कुसाका म्हणाला, "तुमच्यासाठी थांबलोय."

नागुमोनं ओठांचा चंबू केला. नुसता वारा आला. त्यानं ओठ ओले केले आणि पुन्हा फुंकर घातली. बारीक, कापरी शिट्टी निघाली.

"पहिली पायरी!" कुसाकानं स्टेशनाची घोषणा करावी तसा गळा काढला. "पहिली पायरी, पहिली पायरी. उतारूंनी सावकाश उतरावं."

ओरिहाराचा खांदा खाली गेला. नागुमोचा पाय गेला.

"दुसरी पायरी, दुसरी पायरी."

तो मनात मोजत होता. तिसरी. चौथी. पाचव्या पायरीला त्याचा आकडा चुकला, की कुसाकाचा, ते कळेना. कुसाका ओरडत राहिला. नागुमोनं मोजणं सोडून दिलं आणि हात घट्ट धरले.