खुर्चीपाशी उशिरा पोहोचलेली गाडी

मी एक जुनी निळी मोटारगाडी आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या चकचकीत पत्र्यात तोंड पाहून लोक भांग पाडत. माझी मालकीण शाळेत गणित शिकवायची. बावीस वर्षं मी तिला वेळेवर शाळेत पोहोचवलं. "गुणाची गं माझी!" असं म्हणून ती माझ्या स्टिअरिंगवर थोपटायची. ते कौतुक आठवलं, की मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मालकिणीच्या थोरल्या बहिणीची नजर झपाट्याने जात होती. ऑपरेशनची तारीख ठरली, पण नजर वाचेलच असं डॉक्टर सांगेनात. म्हणून आदल्या दिवशी ताईला फिरवून आणायचं आणि शेवटी वडिलांची खुर्ची दाखवायची, असं मालकिणीने ठरवलं. त्यांचे वडील सुतार. डोंगरावरच्या एका गावासाठी त्यांनी दुमजली घराएवढी लाकडी खुर्ची बनवली होती. ताई तेव्हा सासरी, लांब. तिने ती कधी पाहिलीच नव्हती.

त्या दिवसांत माझ्या इंजिनाच्या तापमानाचा काटा अडकला होता. इंजिन कितीही तापलं तरी तो थंडच दाखवायचा. मेकॅनिक म्हणाला होता, "बाई, बदलून घ्या. दगा देईल हा."

"परत आल्यावर बघू," मालकीण म्हणाली.

सकाळी निघालो. पहिल्या गावात किटलीच्या आकाराचं चहाचं दुकान होतं आणि तोटीतून खरोखर वाफ निघत होती. दुसऱ्या गावात एक घर उलटं बांधलेलं, छप्पर जमिनीवर. "छोटे, इथे केर काढायचा कुठला गं, वरचा की खालचा?" ताई हसून हसून बेजार झाली. तिसऱ्या गावात एका न्हाव्याने शेकडो बाहुल्यांचे केस हौसेने कापून त्या काचेमागे मांडल्या होत्या. ताईने काचेला नाक लावून एकेक चेहरा पाहिला.

मग घाट लागला. माझी रबरी नळी फाटली, पाणी गळू लागलं. मी आतून भाजत होते आणि माझा काटा मात्र सगळं ठीक असल्याचं सांगत होता. शेवटच्या वळणावर मी वाफ सोडली आणि बंद पडले. वर झाडांपलीकडे खुर्चीची पाठ उन्हात चमकत होती. मालकिणीला ती दिसत होती. ताईला तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, आणि त्या उभ्या चढावर तिला चालवत नेणंही शक्य नव्हतं.

दुधाच्या ट्रकवाल्याने मला दोर बांधून वर ओढलं, तोवर अंधारलं होतं. मालकिणीने खुर्चीवर टॉर्च मारला, पण अंधारात ताईला काहीच दिसेना.

"ताई, काटा बिघडलाय हे मला माहीत होतं गं," मालकीण हुंदके देत म्हणाली. "मीच चालढकल केली."

ताईने चाचपडत जाऊन खुर्चीच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी घातली. "नंतर रड. आधी मला सांग, कशी दिसते ती."

मालकीण सांगत राहिली. मी दोराला बांधलेली, मुकाट ऐकत होते. ट्रकवाल्याने त्या दोघींना शहरात सोडलं. ऑपरेशन झालं, पण नजर वाचली नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ओरडता येत नाही. जो आमची नाडी जाणतो त्याचं ऐका, तेही त्याच दिवशी. पुढच्या आठवड्यात मेकॅनिकने माझा काटा बदलला. मालकीण शेजारीच स्टुलावर बसून होती, नजर घड्याळावर.

काम अर्ध्या तासाचं होतं.